विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनआधीच ‘ट्रायल’चा प्रस्ताव… होकार देण्यापूर्वी काय समजून घ्यावे?

बायोप्सीचा अहवाल हाती आला की घरातला पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन कधी? अनेकदा डॉक्टरांचे उत्तर अनपेक्षित असते : आधी केमो, ऑपरेशन नंतर. त्यातच एखाद्या भेटीत आणखी एक कागद पुढे येतो. क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे वैद्यकीय चाचणीत सहभागी व्हाल का? नाशिक, सिन्नर किंवा मालेगावहून मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेलेल्या महिलेसमोर हा प्रश्न येऊ शकतो आणि नाशिकमधल्या एखाद्या कर्करोग रुग्णालयातही. उत्तर देण्यासाठी फार दिवस नसतात. ‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९८ हजार महिला त्याने दगावतात. त्यामुळे हा प्रश्न मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही.

ऑपरेशनआधी औषध कशासाठी?

गाठ शरीरात आहे ती आधी काढून टाका, औषधांचे नंतर बघू, हा विचार स्वाभाविक आहे. कित्येक दशके डॉक्टरही असाच विचार करत. अमेरिकेत १९८८ ते १९९३ या काळात १५२३ महिलांवर ‘एनएसएबीपी बी-१८’ ही चाचणी झाली. काहींना आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया, तर काहींना आधी शस्त्रक्रिया आणि मग तीच केमोथेरपी देण्यात आली. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे केमो आधी घेतल्याने नुकसान झाले नाही. उलट गाठ लहान झाल्यामुळे संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ काढणे अधिक महिलांमध्ये शक्य झाले.

अर्थात हे सर्वांना लागू नाही. लहान गाठ असेल आणि ती संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असेल, तर बऱ्याचदा थेट शस्त्रक्रियाच केली जाते. गाठ मोठी असेल, काखेतल्या ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला असेल किंवा तो ‘हर-२ पॉझिटिव्ह’ वा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारचा असेल, तर आधी औषधांचा विचार होतो. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्ही चाचण्या नकारात्मक येणे. अशा रुग्णांना संप्रेरकांच्या गोळ्या किंवा हर-२ विरोधी इंजेक्शने उपयोगाची नसतात. केमोथेरपी हाच त्यांच्या उपचाराचा कणा असतो. भारतात या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते आणि त्यात तरुण महिला बऱ्याच असतात.

चाचण्यांसाठी नेमका हाच टप्पा का?

ऑपरेशननंतर औषध दिले तर ते लागू पडले की नाही, हे कळायला वर्षे लागतात. आजार परत आला तर कळते, नाही आला तर वाट पाहायची. ऑपरेशनआधी औषध दिले तर गाठ डोळ्यांसमोर असते. काही महिन्यांनी शस्त्रक्रियेत काढलेला भाग पॅथॉलॉजिस्ट तपासतो आणि त्यात जिवंत कर्करोग शिल्लक आहे का ते सांगतो. स्तनात आणि काखेत काहीच सापडले नाही, तर त्याला ‘पूर्ण प्रतिसाद’ म्हणतात. ‘निओस्फिअर’ या ४१७ महिलांच्या चाचणीत पर्टुझुमॅब या औषधाची भर घातल्यावर स्तनातून कर्करोग पूर्ण नाहीसा होण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर गेले. तेवढ्या आधारावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या वापराला तात्पुरती मान्यता दिली.

पण गाठ नाहीशी होणे आणि आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लवकर मोजता येते, दुसरीसाठी थांबावे लागते. ट्रिपल निगेटिव्ह आजारात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध तपासणाऱ्या ‘कीनोट-५२२’ या चाचणीत ११७४ रुग्ण होते. तिच्या आधारे अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मात्र आयुष्य किती वाढले याचे आकडे २०२४ मध्ये आले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.६ टक्के, तर त्या औषधाविना ८१.७ टक्के. भारतात या औषधाचा खर्च लाखांत जातो. सामान्य कुटुंबाला ही चाचणी यशस्वी झाल्याचा आनंद दुरूनच घ्यावा लागतो.

टाटामधील चाचणीतून काय हाती लागले?

याच आजारावरचा स्वस्त प्रश्न परळमध्ये विचारला गेला. कार्बोप्लॅटिन हे जुने, पेटंट संपलेले, सहज मिळणारे औषध आहे. ते नेहमीच्या केमोथेरपीत मिसळले तर ट्रिपल निगेटिव्ह आजारात अधिक महिला वाचतात का? परदेशी चाचण्यांत गाठ नाहीशी होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले होते, परंतु आयुष्य वाढते का याचे ठाम उत्तर नव्हते. ते शोधण्यात कुठल्या कंपनीला रस असण्याचे कारणही नव्हते. जुन्या औषधाचा नवा उपयोग सिद्ध करण्यासाठी कोण कोट्यवधी खर्च करणार?

टाटा स्मारक रुग्णालयात २०१० ते २०२० या दहा वर्षांत ७२० महिला या चाचणीत सहभागी झाल्या. सर्वांना शस्त्रक्रियेपूर्वी आठ आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि त्यानंतर दर तीन आठवड्यांनी दुसऱ्या औषधांच्या चार मात्रा मिळाल्या. निम्म्या महिलांना पहिल्या आठ आठवड्यांत पॅक्लिटॅक्सेलबरोबर कार्बोप्लॅटिनही दिले गेले. डॉ. सुदीप गुप्ता यांनी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील परिषदेत निष्कर्ष मांडले. ५० वर्षांपर्यंतच्या महिलांमध्ये कार्बोप्लॅटिन मिळालेल्यांपैकी ७७.१ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण ६५.९ टक्के होते. शंभर महिलांमागे अकरा जीव! त्याहून मोठ्या वयाच्या महिलांना मात्र फायदा दिसला नाही आणि सर्व वयोगटांचा एकत्र विचार केला तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

हा तपशील कंटाळवाणा वाटला तरी महत्त्वाचा आहे. याच चाचणीमुळे चाळिशीतल्या महिलेला कार्बोप्लॅटिन द्यावे यामागे भक्कम आधार मिळाला आणि साठीतल्या महिलेला त्याचा त्रास उगाच का द्यावा, हा प्रश्नही उभा राहिला. रक्तपेशी कमी करणारे औषध ज्यांना उपयोगी नाही त्यांना न देणे, हाही उपचारच.

याचा दुसरा अर्थ अधिक बोचरा आहे. ज्यांना कार्बोप्लॅटिन मिळाले नाही त्या तरुण महिलांना त्या काळातले मान्य उपचार मिळत होते; त्यांच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. पण त्यांच्या गटातले मृत्यू मोजले गेले म्हणूनच आज पुढच्या महिलेला उत्तर मिळते.

एका इंजेक्शनचीही चाचणी?

सगळ्याच चाचण्या पाच-सहा महिन्यांच्या नसतात. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने झालेल्या दुसऱ्या चाचणीत प्रश्न होता तो फक्त ऑपरेशन टेबलावरच्या काही मिनिटांचा. गाठ काढताना होणाऱ्या हाताळणीमुळे कर्करोगाच्या पेशींना पसरण्याचे संकेत मिळतात, हे खरे असेल तर आधीच तो भाग बधिर करून काय होते? दाताच्या डॉक्टरांकडे मिळते तसलेच, भूल देण्याचे लिडोकेन ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती टोचण्यात आले. देशातील ११ केंद्रांवर १६०० महिलांची यासाठी निवड झाली. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत आणि २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त हे निष्कर्ष आले. खर्च रुग्णामागे शंभर रुपयांहून कमी. मात्र ऑपरेशनआधी केमो घेतलेल्या महिला या चाचणीत नव्हत्या. त्यामुळे तिचा निष्कर्ष त्यांना आपोआप लागू होत नाही.

त्याआधीची प्रोजेस्टेरॉनची चाचणी वेगळे काही शिकवते. शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस एक इंजेक्शन, एक हजार महिला, २०११ मध्ये निष्कर्ष. एकूण महिलांमध्ये लक्षणीय फरक नाही. काखेतल्या ग्रंथींपर्यंत आजार गेलेल्या महिलांमध्ये मात्र पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ७५.७ टक्के विरुद्ध ६६.८ टक्के होते. तरीही हे इंजेक्शन जगभरातल्या नेहमीच्या उपचारांत रुळले नाही. एका उपगटातला फायदा पुरेसा पुरावा मानला जात नाही. चाचणीत सहभागी होणे म्हणजे यशस्वी औषधाच्या रांगेत पुढे जाणे, असा समज कुणी करून घेतला असेल तर त्याला हे उदाहरण सांगावे.

रुग्णाला नेमके काय मिळते, काय मिळत नाही?

सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. कोणता गट द्यायचा हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि रुग्णही ठरवत नाही. संगणक जणू चिठ्ठी टाकतो. ‘डॉक्टरांशी ओळख आहे, चांगल्या गटात टाकतील’ ही अपेक्षा व्यर्थ आहे. तसे झाले तर चाचणीच निकामी होते. दुसरा गैरसमज याच्या उलट : अर्ध्या रुग्णांना काहीच औषध मिळत नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांमध्ये दोन्ही गटांना त्या काळातले नेहमीचे उपचार मिळाले. प्रश्न फक्त एका भरीचा होता. ज्या चाचणीत प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले इंजेक्शन वा गोळी असते, तिथेही ते साधारणपणे नेहमीच्या उपचारांसोबत दिले जाते. माहितीपत्रात प्लासिबोचा उल्लेख असणे सक्तीचे आहे. त्यामुळे ‘मला दुसरा गट मिळाला तर माझ्यावर कोणते उपचार होतील?’ हा एक प्रश्न इतर दहा प्रश्नांपेक्षा जास्त उलगडा करतो. उत्तर ‘ट्रायलमध्ये नसता तर जे झाले असते तेच’ असेल, तर निम्मी भीती तिथेच संपते.

जोखीम मात्र उरतेच. नव्या औषधाचे दुष्परिणाम पूर्ण माहीत नसतात. जादा बायोप्सी लागू शकते. काही थोड्या रुग्णांमध्ये औषध सुरू असतानाच गाठ वाढते. तेव्हा चाचणीचे वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच ऑपरेशन करणार का, ते कोण ठरवणार, हे आधी विचारायला हवे. गाठ नाहीशी झाली तरी ती कुठे होती हे सर्जनला कळावे म्हणून सुरुवातीलाच तिथे धातूची बारीक क्लिप बसवतात. ती चाचणीचा भाग नव्हे, उपचाराचा भाग आहे. घाबरण्याचे कारण नाही. मूल हवे असलेल्या तरुण महिलेने स्त्रीबीज साठवण्याचा विषय केमो सुरू होण्याआधी काढावा, कारण नंतर उशीर झालेला असतो आणि बहुतेक चाचण्यांत गर्भधारणा टाळण्याची अट असते.

‘आमच्यावर प्रयोग’ ही भीती कुठून आली?

ही भीती निराधार म्हणून उडवून लावणे योग्य नाही. सर्वोच्च न्यायालयात सादर झालेल्या माहितीनुसार २००५ ते २०१२ या काळात देशातल्या नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २६४४ सहभागींचा मृत्यू झाला. त्यातील ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे सरकारनेच मान्य केले. बाकीचे बरेच रुग्ण मूळ गंभीर आजाराने गेले असतील, पण संमती कशी घेतली, भरपाई कुणाला मिळाली, या प्रश्नांवर न्यायालयाने सरकारला धारेवर धरले. त्यातून नियम कडक झाले आणि २०१९ मध्ये ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम’ लागू झाले.

या नियमांनुसार प्रत्येक चाचणीला नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता लागते. समितीत किमान सात सदस्य, त्यात एक महिला, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सर्वसामान्य नागरिक असावा लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि चाचणीमुळेच मृत्यू झाल्यास भरपाई द्यावी लागते. भरपाईच्या सूत्रात ८ लाख रुपये ही आधाररक्कम धरून वय आणि आजाराची तीव्रता यांनुसार आकडा ठरतो. इथे एक बारकावा आहे. कंपनीच्या नव्या औषधाच्या चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. बाजारात आधीच असलेल्या औषधावर रुग्णालयाने स्वतः केलेली चाचणी ‘शैक्षणिक’ मानली जाते आणि तिला नैतिकता समितीची मान्यता पुरते. तिथे भरपाईची जबाबदारी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेवर येते. ती विम्यातून देणार की निधीतून, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. ‘ही चाचणी कंपनीची की रुग्णालयाची?’ हा प्रश्न म्हणूनच आगाऊपणाचा नाही.

‘तिला सांगू नका’चे काय?

आपल्याकडे कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठतात : आईला फक्त ‘गाठ आहे’ एवढेच सांगा. नेहमीच्या उपचारांत ही लपवाछपवी कशीबशी चालून जाते, चाचणीत मात्र चालत नाही. आजाराचे नाव, चाचणीचा हेतू आणि संभाव्य धोके स्वतः रुग्णाला समजले पाहिजेत, तिला समजणाऱ्या भाषेत. सही किंवा अंगठा तिचाच हवा. मुलाचा किंवा नवऱ्याचा होकार पुरेसा नाही. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. माहितीपत्र आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत तिला मिळालीच पाहिजे. संपूर्ण नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातील सहभागी असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते.

ही अट घरच्यांना क्रूर वाटते. प्रत्यक्षात अनेक घरांत याच निमित्ताने पहिल्यांदा बाईला तिच्या आजाराबद्दल कुणी थेट विचारते.

संमती दिली म्हणजे बांधले गेलो असेही नाही. कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढचे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. त्याच बैठकीत सही केली नाही तरी चालते. मराठी माहितीपत्र घरी न्यावे, शांतपणे वाचावे आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे. मात्र ‘विचार करून सांगतो’ म्हणत महिनाभर गप्प राहणे परवडणारे नसते. ट्रायल नको असेल तर तसे लगेच सांगून नेहमीचे उपचार सुरू करावेत.

नाशिकहून जाणाऱ्यांचा हिशेब

नाशिक ते मुंबई अंतर साधारण १७० किलोमीटर. कार्बोप्लॅटिनच्या चाचणीचेच वेळापत्रक धरले तर आठ साप्ताहिक आणि चार तीन-आठवडी अशा किमान बारा फेऱ्या होतात; तपासण्यांच्या वेगळ्या. ट्रायलमध्ये नसलेल्या रुग्णाला मुंबईच्या डॉक्टरांनी आखून दिलेली केमो नाशिकमध्ये घेण्याची मुभा अनेकदा मिळते. चाचणीत मात्र औषध बहुधा त्याच केंद्रावर घ्यावे लागते. म्हणून कुठल्या फेऱ्या आजारामुळे आणि कुठल्या चाचणीमुळे, हे कागदावर वेगळे लिहून घ्यावे. चाचणीमुळे होणारा प्रवासखर्च मिळणार का, याचा उल्लेख माहितीपत्रात असतो. नसेल तर विचारावे. द्राक्षाच्या हंगामात किंवा मुलांच्या परीक्षेच्या वेळी या फेऱ्या कोण करणार, हा प्रश्न डॉक्टरांच्या यादीत नसतो. तो घरानेच सोडवायचा असतो. अर्ध्यावर चाचणी सुटण्याचे कारण पुष्कळदा तोच असतो.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण, तर सेकंड सिटिंग व एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के भाडेसवलत असते. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना दुसरी सवलत कामाची. मुक्काम करावा लागणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षांपासून आधार आहे. तिथे जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे लवकर चौकशी केलेली बरी.

पैशांबाबत एक प्रश्न आधीच स्पष्ट करून घ्यावा. चाचणीचे औषध मोफत असले तरी सीटी स्कॅन, टूडी इको, रक्ततपासण्या आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोणाकडे? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून नेहमीचे उपचार मंजूर झाले असतील, तर चाचणीत गेल्यावर ती मंजुरी कायम राहते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आणि चाचणीच्या समन्वयकाकडून, दोघांकडूनही विचारून घ्यावे. दोघांची उत्तरे वेगळी आली तर सही थांबवावी.

चाचणी खरी आहे की नाही हे कसे ओळखायचे?

भारतात रुग्णांवरील प्रत्येक नियंत्रित औषधचाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. संकेतस्थळ मोफत आहे, मोबाइलवर उघडते. माहितीपत्रावरचा क्रमांक तिथे टाकला की चाचणी कुणाची, किती रुग्णांची, कोणकोणत्या रुग्णालयांत आणि कोणत्या नैतिकता समितीने ती कधी मंजूर केली, हे दिसते. शोधात आजाराचे नाव आणि शहर टाकले तर नाशिकमधील केंद्रेही सापडतात. क्रमांक विचारल्यावर समोरचा टाळाटाळ करू लागला, किंवा ट्रायलमध्ये येण्यासाठी पैसे भरा म्हणाला, तर तिथून उठावे आणि नेहमीच्या उपचारांची तारीख दुसरीकडे घ्यावी.